गणोजी कंडक्टर, लाखात एक

माझ्या भावाला, गणोजीदादाला, स्वतःच्या तोंडानं बोलणं म्हणून माहीत नव्हतं. काही सांगायचं असलं की तो आधी दुसरा कुणीतरी व्हायचा. आईकडे चहा मागायचा तो तहसीलदाराच्या आवाजात, हुकूम सोडल्यासारखा. मला हाक मारायचा ती माझ्या शाळेतल्या मास्तरणीच्या आवाजात, आणि मी दचकून उभी राहिले की पोट धरून हसायचा. आई म्हणायची, "मेल्या, तुझा आवाज कुठला ते तरी एकदा ऐकव." तो आईच्याच आवाजात उत्तर द्यायचा, "मेल्या, तुझा आवाज कुठला ते तरी एकदा ऐकव."

आमचे बाबा धार संस्थानच्या फरासखान्यात होते, सतरंज्या नि तंबू त्यांच्या ताब्यात. संस्थान विलीन झालं आणि त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात बाबाही गेले. दोघांनी मिळून ठरवलं असावं, असं आई म्हणते. मग घर चालवायचं दादावर आलं. तो धार-इंदूर बसवर कंडक्टर झाला. कंडक्टर कसला, चालता तमाशाच होता तो. बस सुटताना ओरडायचा असा, की तिरल्याचा शेतकरी, इंदूरचा शेठ आणि माहेरी निघालेली बाई, तिघांनाही वाटावं आपल्यातलंच कुणी बोलावतंय. लोक म्हणे एक बस सोडून गणोजीच्या बसची वाट पाहायचे.

त्याची सगळ्यांत गाजलेली नक्कल होती आमच्या गल्लीतल्या कृष्णरावांची. कृष्णराव संस्थानातून निवृत्त झालेले, तापट, आणि वयानं दोन्ही हातांना कंप. बशीतून चहा पिताना बशी दाताला लागायची नि टकटक वाजायची. दादा ती बशी, ती टकटक, वर तो सुर्रर्र आवाज असा करायचा की कृष्णरावांची सूनसुद्धा पदर तोंडात कोंबून आत पळायची. कृष्णरावांना हे ठाऊक होतं. ते दादाला पाहिलं की काठी उचलायचे. काठीही थरथरायची, आणि दादा तीही नक्कल करायचा.

म्हणून एक दिवस दादाच्या हातातली बशी घरीच वाजायला लागली, तेव्हा आम्ही हसलो.

तो म्हणाला, "मी करत नाहीये." आम्ही आणखी हसलो. तिकिटं फाडताना त्याची बोटं अडखळायला लागली, बसमधले लोक टाळ्या द्यायला लागले. जीभ जड झाली, तर लोक विचारायचे, आज हा नवा कोण रे गणोजी? हे कोणतं पात्र? ड्रायव्हर जयसिंगराव त्याचा जिगरी दोस्त, पण तोही म्हणाला, "भिया, बहोत लंबी खेचू राहिला तू, आता बस कर."

लबाडाची गाय मेली तर कुणी रडायला येत नाही, तसं झालं.

ते उघडं पडलं कृष्णरावांच्याच ओसरीवर. कृष्णरावांची बायको गेली. दादा भेटायला गेला, मी आणि आई बरोबर. सगळे खाली माना घालून बसलेले, आणि दादा हसत होता. तोंड थोडं उघडं, दात दिसतायत, हसू जसंच्या तसं. आईनं कोपरानं ढोसलं. तो हसतच होता. हनुवटीवर लाळ आली. कृष्णराव उठले आणि त्यांनी काठी हाणली, अगदी मनापासून हाणली. दादा आडवा झाला आणि लवकर उठूच शकला नाही. वाटेत आई त्याला नको नको ते बोलली. घरी आल्यावर त्यानं मला परड्यात नेलं. सोंग नाही, आवाज बदलणं नाही. त्याचा स्वतःचा आवाज मी तेव्हा प्रथम ऐकला, आणि तो बिचारा धड ऐकूही येत नव्हता.

"माले," तो म्हणाला, "मी आत्ता हसतोय का गं?"

मला रडू फुटलं. कारण तो हसत होता.

आधी वैद्य झाले. लहानपणी दादाला दोनदा कावीळ झाली होती, त्यावरून दोष यकृतात आहे हे वैद्यांनी बरोबर ओळखलं आणि यकृताला बळ यावं म्हणून ताम्रभस्म दिलं. ते दादानं मधातून इमानेइतबारे चाटलं. फरक पडला, पण उलटा. मग जयसिंगरावानं कुणाला न विचारता त्याला एक दिवस बसमध्ये बसवलं आणि थेट इंदूरला मोठ्या दवाखान्यात नेऊन उभं केलं.

तिथले डॉक्टर नारायणराव विलायतेहून शिकून आलेले. त्यांनी दादाला चालवलं, हात पसरायला लावले, मग खिडक्या बंद करून बाजूनं टॉर्च मारून डोळ्यांत पाहिलं आणि शिकाऊ पोरांना हाका मारल्या. दादाच्या काळ्या बुबुळाच्या कडेला तपकिरी-सोनेरी कडं होतं. डोळ्यांत चक्क तांबं साठलेलं. आपल्या काळ्या डोळ्यांत ते चटकन दिसत नाही, शोधणाऱ्यालाच सापडतं. वीस-पंचवीस पोरं रांग लावून दादाचे डोळे बघून गेली. एवढे प्रेक्षक त्याला बसमध्येही कधी मिळाले नव्हते.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपण सगळेच अन्नातून चिमूटभर तांबं खातो. अंगाला लागतं तेवढं अंग ठेवतं, उरलेलं यकृत पित्तातून बाहेर टाकतं. दादाचं यकृत टाकत नव्हतं. जन्मापासून साठवत होतं. ते भरलं, मग मेंदूत गेलं, मग डोळ्यांत. हा रोग लागत नाही, बाधत नाही, आईबापांकडून येतो. दोघांकडून येतो, आणि दोघेही ठणठणीत असतात.

"किती लोकांना असतो?" जयसिंगरावानं विचारलं.

"लाखात एक," डॉक्टर म्हणाले. "माझ्या उभ्या नोकरीत मी हा दुसरा पाहतोय."

दादा खूश. काही आठवड्यांनी घरी आल्यावर जीभ साथ देईना तरी एकेक शब्द ओढून त्यानं गल्लीला ऐकवलं की धार नि देवास मिळूनही लाख माणूस भरत नाही, तेव्हा दोन्ही गावांत हा मान त्याचा एकट्याचा. राजवाड्यातसुद्धा कुणाला नाही! (आता डॉक्टर म्हणतात, नीट शोधलं तर तीस हजारांत एक सापडतो. दादा असता तर त्यानं या मोजणीला हरकत घेतली असती.)

औषध म्हणजे सुया. लढाईत विषारी वायूवर काढलेलं औषध होतं ते, अंगातलं तांबं धरून लघवीवाटे बाहेर काढतं. खोल मांसात टोचायचं, आणि शेंगदाण्याच्या तेलात कालवलेलं. वर त्याला लसणासारखा वास. पहिल्या सुईनंतर दादा पालथा पडून जयसिंगरावाला म्हणाला, "तेल झालं, लसूण झाला. मोहरी टाक, म्हणजे फोडणी पुरी होईल."

सुयांसाठी त्याला काही आठवडे इंदूरलाच ठेवलं. जयसिंगराव रोज बस घेऊन यायचा नि निरोप आणायचा. आता हा जयसिंगराव मराठ्याचा, पण शाळा सगळी हिंदीत. मराठी बोलायचा ती पायात काटा मोडल्यासारखी. त्यानं दारातूनच आईला सांगितलं, "काकीसाहेब, डॉक्टर साब बोलले के गणोजीला तांब्याचं पाणी एकदम बंद. कलेजी बंद, शेंगदाणा बंद, पण सगळ्यात आधी तांब्याचं पाणी."

आईनं मान हलवली. दादा घरी यायच्या दिवशी तिनं घरातले झाडून सगळे तांबे उचलले. पितळेचा उचलला. अल्युमिनियमचा उचलला. पांढरा चिनी मातीचा मुलामा दिलेला, निळ्या काठाचा, बाबांनी हौसेनं आणलेला, तोही माळ्यावर टाकला. आजाऱ्याच्या दृष्टीला तांब्या म्हणून पडू दिला नाही. आणि लेक इतक्या दिवसांनी घरी आला म्हणून देवघराशेजारचा तांब्याचा हंडा चिंचेनं लखलखीत घासून, रात्रभर त्यात पाणी मुरवून, तांब्याच्याच फुलपात्रात ओतून त्याच्यापुढे धरलं. "घे बाळा. शुद्ध आहे."

दादानं फुलपात्राकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग सगळी शक्ती एकवटून म्हणाला, "आई, तांबं! तांबं!"

"हो रे राजा, उचलले सगळे तांबे."

"तांब्याचं... नको!"

"नाहीच देत आहे तांब्याचं. फुलपात्र आहे ना हे."

त्याच्या चेहऱ्यावर तर ते हसू कायमचंच, त्यामुळे आई आणखी हट्टाला पेटली, हा आपली थट्टा करतो म्हणून. शेवटी त्यानं हंड्यावर हात आपटला, ठण्ण आवाज झाला, मग स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं, मग पुन्हा हंड्यावर. मला उमजलं. मी आईला सांगितलं, "आई, तांब्या नव्हे गं. तांबं. धातू!" आई खाली बसली. ज्या भाषेत लोटा नि धातू एकाच शब्दाला लोंबकळतात, त्या भाषेला, जयसिंगरावाला आणि डॉक्टरला तिनं एका दमात शिव्या दिल्या. मग ती रडली. हंडा तिनं स्वतःच्या हातानं शेजारी देऊन टाकला, आणि दादा माठातलं पाणी काचेच्या पेल्यातून प्यायला लागला.

पथ्याचा त्यानं फायदाही उठवला. दोडक्यात तांबं असतं असं त्यानं आईच्या गळी उतरवलं. लहानपणापासून त्याला दोडकं आवडत नसे. पुढं कारलंही तांब्यात गेलं. तिसऱ्या आठवड्यात त्यानं गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, नाव काढलं, तेव्हा कुठे आईला संशय आला.

पण जयसिंगरावानं आणलेल्या निरोपाला शेपूट होतं, आणि ते आई ऐकतच नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, भावंडांनाही तपासायला आणा. आमचे आईबाबा लग्नाआधीचे आतेभाऊ-मामेबहीण. आई ही बाबांच्या मामाची मुलगी. आमच्यात हीच चांगली सोयरीक मानतात. महाराष्ट्रातून दरबाराबरोबर आलेली घरं इकडं मोजकीच, तेव्हा पिढ्यान् पिढ्या त्याच चार घरांत देणंघेणं. म्हणून डॉक्टर म्हणाले, लाखातला एक तो बाहेरच्यांसाठी. या घरात चार लेकरांमागे एकाला धोका.

आणि दादानंतर या घरात उरलेलं लेकरू म्हणजे मी. वय अठरा, ठणठणीत, दोन घागरी एका दमात आणणारी.

आई म्हणाली, "धडधाकट पोरीला दवाखान्याची पायरी चढवली की ती आजारीच. हे देवासला कळलं तर?" देवासला आमची आत्या. तिनं मी पाळण्यात असतानाच मला सून म्हणून मागून घेतलं होतं. म्हणजे पुन्हा मामाची मुलगी, पुन्हा तेच घर. आत्याचा मुलगा आता नोकरीला लागला होता आणि आत्या जरा आढेवेढे घ्यायला लागली होती. आईच्या जिवाला तोच घोर. दादानं समजावलं, चिडला, जेवण सोडलं. आई हलली नाही. मलाही जायचं नव्हतं, खरं सांगते. मला काही होत नव्हतं.

मग एके दिवशी जयसिंगराव हर्षभरित होऊन आला. "काकीसाहेब, सोनकच्छहून मालनसाठी स्थळ आलंय. बडा घर, गव्हाची शेती, घरात रेडिओ. मुलाचे मामा इकडे मांडवगड पाहायला येऊन राहिले. वाटेत मुलगी पाहून जातील बोलतात."

आईचे डोळे चमकले. सोनकच्छला मुलगी द्यायची तिची मुळीच इच्छा नव्हती, पण स्थळ येऊन गेल्याची बातमी देवासला पोचली की आत्या कशी धावत येईल, हे तिनं बसल्या जागी ताडलं. "येऊ देत," ती म्हणाली. "गण्या, तू मात्र आतल्या खोलीतून बाहेर यायचं नाहीस. तुझं ते हसू पाहून पाहुणे पळतील."

दादानं मान डोलावली. एवढ्या निमूटपणे त्यानं आईचं कधीच ऐकलं नव्हतं. संशय यायला हवा होता. पण मी त्या दिवशी आईची माहेश्वरी नेसले होते, आणि मनातल्या मनात सोनकच्छच्या त्या घरातला रेडिओ लावून बसले होते. आत्याचा मुलगा मला कधीच आवडला नव्हता. जेवताना त्याचे कान हलायचे.

मामासाहेब आले. फेटा भला मोठा आणि जरासा कलता. माणूस भारदस्त, बोटं स्वच्छ. जयसिंगराव मध्यस्थ म्हणून शेजारी. आईनं मटण केलं होतं, कलेजी वेगळी परतून खास मामांच्या ताटात वाढली होती. मामांनी ताटाकडे पाहिलं आणि ते फिके पडले.

"आज माझी चतुर्थी आहे," ते म्हणाले.

"चतुर्थी परवाच झाली," आई म्हणाली.

"आमच्या सोनकच्छला जरा उशिरा येते."

जयसिंगरावाला ठसका लागला. आतल्या खोलीतूनही काहीतरी पडल्याचा आवाज आला. आईनं मुकाट्यानं दूध-पोहे आणले.

मग मला बोलावलं. मी नमस्कार केला. मामा म्हणाले, "चालून दाखव." चालले. "वळ. आता एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचं बोट लावून चाल." चालले. सुई-दोरा दिला, ओवला. नाव लिहायला सांगितलं, लिहिलं. इथवर सगळं रीतीचं. मुलगी लंगडी, आंधळी, अडाणी नाही ना, हे तसंच बघतात. पण पुढं ते म्हणाले, "हात समोर पसर, बोटं फाक, डोळे मीट." मग म्हणाले, "आता बोटानं नाकाचा शेंडा शिव." मग म्हणाले, "कच्चा पापड, पक्का पापड, दहा वेळा म्हण, लवकर लवकर."

आई माझ्या कानाशी पुटपुटली, "हे सून नेतायत की पलटणीत भरती करतायत?"

मी पापड बिनचूक म्हटले. मामा पहिल्यांदाच हसले. मग त्यांनी दार लोटून घेतलं, खिशातून टॉर्च काढला आणि म्हणाले, "आमच्या घराण्यात डोळ्यांचं फार पाहतात. वर बघ, मुली." उजेड बाजूनं आला. त्यांनी भिंगही काढलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ते खूप वेळ बघत राहिले, इतका की आईला मध्ये काहीतरी बोलावंसं वाटलं.

"मुलगी लाखात एक आहे हो, मामासाहेब," ती कौतुकानं म्हणाली.

"तेच बघतोय, बाई," मामा म्हणाले.

त्यांनी दुसरा डोळा पाहिला. पुन्हा पहिला पाहिला. टॉर्च विझवला. मग डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, "गणोजी, या बाहेर."

दादा भिंत धरत बाहेर आला. त्यानं फक्त मामा बनून आलेल्या डॉक्टर नारायणरावांच्या तोंडाकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली. माझ्याही बुबुळाच्या वरच्या कडेला ते कडं, नखाच्या कोरीएवढं, पण होतं.

आई एकदम समजली. ती आधी डॉक्टरवर ओरडली, पाहुणा म्हणून घरात शिरलात, अन्न पुढ्यात घेतलंत. मग दादावर. मग जयसिंगरावाला शोधायला लागली, पण तो केव्हाच रस्त्यावर जाऊन उभा होता. ती दमली, खाली बसली आणि तिनं विचारलं, "गण्यासारखं होणार हिचं?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "आज सापडली म्हणून नाही. अजून काहीच बिघडलेलं नाही. विलायतेत नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्याच पेनिसिलिनच्या गोतातल्या. मागवून घेऊ. रोज घ्यायच्या, जन्मभर. चुकवायच्या नाहीत. लग्न करा हिचं, थाटात करा. फक्त आत्याच्या घरात देऊ नका. तेच बी तिथंही असू शकतं."

आणि मी? मला रोगाचं काही वाटलंच नाही. मला फक्त एवढं कळलं की सोनकच्छला घर नव्हतं, रेडिओ नव्हता, भाचा नव्हता. मी नटून, मान खाली घालून, कच्चा पापड पक्का पापड म्हणत बसले होते आणि दादा आत बसून ऐकत होता. मी उठले आणि त्याला म्हटलं, "तू मेलास मला." असं म्हटलं. नंतर कितीतरी दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तो दारात घुटमळायचा, मी तोंड फिरवायची.

बोलली ती आई. जी देवासला कळू नये म्हणून जीव मुठीत धरून होती, ती दुसऱ्या सोमवारी जयसिंगरावाला घेऊन स्वतः देवासला गेली आणि आत्याला सगळं सांगून आली. सोयरीक मोडली. वर आत्यालाच म्हणाली, "वन्सं, तुमच्या पोरांचेही डोळे दाखवून आणा." आत्या भांडली, रुसली, टेकडीवर जाऊन देवीला साकडं घालून आली, आणि मग गेली पोरांना घेऊन इंदूरला. तिन्ही पोरं स्वच्छ निघाली. कान हलतात तो रोग नाही, असंही डॉक्टरांनी सांगितलं म्हणे.

मला इंदूरला नेलं ते दादाबरोबरच, त्याच्या सुयांच्या दिवशी. बसमध्ये मी त्याच्यापासून दोन बाकं सोडून बसले. दवाखान्यात यंत्रावर हनुवटी टेकवून डोळे तपासले, रक्त घेतलं. शंका उरली नाही. डॉक्टरांनी कसं खायचं, कसं राहायचं ते समजावलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि घुश्शात म्हटलं, "एवढंच होतं तर सरळ सांगायचं होतं. सोंग कशाला?"

डॉक्टर कागद बाजूला ठेवून माझ्याकडे पाहायला लागले.

"मुली," ते म्हणाले, "रोगाचं नाव सांगितलं की प्रत्येक रोगी मला एकच विचारतो, मी बरा होईन का. तुझ्या भावाला मी रोग सांगितला, कुठून येतो ते सांगितलं. तो म्हणाला, मला धाकटी बहीण आहे, तिला कधी आणू? नंतर दर सुईला तेच. आई आणू देत नाही, काय करू? शेवटी मीच कंटाळून म्हटलं, चल, मी येतो. स्वतःचं त्यानं आजवर एकदाही विचारलेलं नाही."

मग दादानं कधीच न विचारलेलं मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "त्यालाही गोळ्या देऊ. हात थोडे स्थिरावतील, जीभ सुटेल. पण यकृत फार गेलंय. उशीर झाला."

मी बाहेर आले. दादा व्हरांड्यातल्या बाकावर एका अंगावर कलून बसला होता, नुकतीच सुई झालेली. मी त्याच्या शेजारी बसले, अगदी चिकटून. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच. त्यानं माझ्याकडे तिरपं पाहिलं.

"काय म्हणाले गं डॉक्टर?" शब्द ओढत त्यानं विचारलं. "माझं?"

मी हसले. त्याच्यासारखं सोंग आणलं, डॉक्टरांचा भारदस्त आवाज काढला. "म्हणाले, हा गडी दोघाचौघांना पोचवून मग जाईल."

दादानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग थरथरत्या हातानं माझा हात धरला.

"माले, खोटं बोलताना डोळे पुसू नयेत," तो म्हणाला. "शिकवीन तुला."

पुढची तीन-चार वर्षं त्यानं मला मन लावून शिकवलं. शेवटच्या दिवशीही मला ते जमलं नाही.